व्हॉल्ट बॉय निव्वळ सजावट नव्हे

‘फॉलआउट’ या व्हिडिओ गेम मालिकेतील व्हॉल्ट बॉय हे हसरे कार्टून पात्र म्हणजे केवळ सजावटीचे चित्र आहे, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. कथेत तो व्हॉल्ट-टेक कंपनीच्या जाहिरातींचा चेहरा आहे आणि अणुयुद्धापासून संरक्षण देण्याच्या नावाखाली ‘व्हॉल्ट’ नावाच्या तळघरांतील माणसांवर छुपे प्रयोग करणाऱ्या या कंपनीची लबाडी त्याच्या निरागस हसण्यामुळेच अधिक अंगावर येते. १९९७ च्या पहिल्या खेळापासून कौशल्यांची माहितीही तोच चित्रांतून देतो. ‘फॉलआउट ४’मध्ये तर खेळाडूच्या मनगटावरील पिप-बॉय या छोट्या संगणकाच्या पडद्यावर तो चालताना दिसतो आणि खेळाडूच्या हातापायांना झालेली दुखापत (काहीशा क्रूर विनोदाने म्हणा) त्याच्याच अंगावर दाखवली जाते. ‘मोनोपॉली’ या पटावरच्या खेळातील मिशीवाल्या धनिकावरून पहिल्या ‘फॉलआउट’च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या लिओनार्ड बोयार्स्की यांना तो सुचला, हेही मला सूचक वाटते.