प्रवासात कॅफेत बसून केलेलं काम: तुमचे अनुभव लिहा

भटकी मनी
काल कोथरूडमध्ये एका कॅफेच्या दारावर पाटी दिसली, 'शनिवार-रविवार लॅपटॉप घेऊन बसू नये'. वाचलं आणि एकदम हिमाचलातलं धरमकोट आठवलं. २०२१ चा पावसाळा संपत आला होता, ऑफिस अजून घरूनच चालू, आणि मी नि मैत्रीण मॅक्लिऑडगंजच्या वर खोली घेऊन राहत होतो. खोलीत रेंज फक्त खिडकीपाशी, म्हणून दिवसभर खालच्या कॅफेत. चालवणारी तिथल्या गद्दी या मेंढपाळ समाजातली बाई, सगळे तिला दीदी म्हणायचे. मी हेडफोन लावला की ती न सांगता गाणी बारीक करायची. लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी राउटर, मग बाकीचं. तिने कधी उठा म्हटलं नाही, पण दुपारी त्रिउंडच्या ट्रेकवरून भुकेलेली माणसं उतरायला लागली की आम्हीच टेबल सोडून बाहेरच्या कट्ट्यावर जायचो. तिची दिवसाची कमाई त्या दोन तासांतच व्हायची. मला वाटतं असं बसणं त्या माणसांच्या जिवावर चालतं आणि ते लिहून ठेवायला हवं. तुम्हाला कोणी अशी जागा दिली? सविस्तर लिहा.

दुपारचा चहा
धरमकोट!! आम्ही बीरला होतो. वर आकाशात पॅराग्लायडर आणि खाली माझं जीएसटी रिटर्न. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

रात्रपाळी
व्हिएतनाम. क्लायंट न्यूयॉर्कचा, उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे ९ म्हणजे हनोईत रात्रीचे ८. दिवस पूर्ण मोकळा, पण कॅफे बंद व्हायच्या वेळेला माझं काम रंगात यायचं. कोपऱ्यावरच्या आजी शटर अर्धं ओढून आत भांडी घासत बसायच्या, मला बसू द्यायच्या. भाषा एकमेकांची शून्य. कॉफीबरोबर बर्फ घातलेला चहा मिळायचा, त्याचे पैसे घेत नसत. तिथली कॉफी छोट्या गाळणीतून कपात थेंब थेंब पडते, तळाला आटवलेलं दूध. हनोईत अंड्याचीही कॉफी मिळते, नाक मुरडू नका, वरचा फेस अगदी कस्टर्डसारखा लागतो. निघताना आजींना आईने दिलेल्या लाडवांचा डबा दिला. त्यांनी तिथेच उघडून शेजारच्या दुकानात वाटले.

वाडीवरचा
आमच्याकडे कसलं कॅफे! गुहागरला मामाकडे गेलो की घरात रेंज नाही, बाजारातल्या खाणावळीत येते. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "साडेबारा ते तीन तेवढं सोडा हो, बाकी कधी पण बसा, पंखा लावतो." एवढं स्पष्ट सांगितलं की दोघांनाही बरं पडतं. चारला सोलकढीचा पेला न मागता यायचा.

दुपारचा चहा
सोलकढीत आलं घालतात का ते? आमच्याकडे फक्त लसूण-मिरची.

वाडीवरचा
@दुपारचा चहा काकू घालायच्या थोडं. कोकम आगळ घरचं.

शकसंवत
बालीला जाणार असाल तर न्येपीची तारीख बघून जा. तिथलं शक नववर्ष. २०२३ ला ते आपल्या पाडव्याच्याच दिवशी होतं, २२ मार्चला. आपण गुढी उभारतो, ते अख्खा दिवस मौन पाळतात. विमानतळ बंद, रस्त्यावर जायला मनाई, दिवे मंद, २०१८ पासून त्या दिवशी मोबाइल डेटाही बंद. मी टीमला आधीच रजा सांगितली होती. आदल्या संध्याकाळी कॅफेवाल्या मुलांनी राक्षसांच्या पुतळ्यांची मिरवणूक दाखवायला नेलं. न्येपीच्या रात्री आकाशात इतके तारे होते की मी अंगणात चटई टाकून तिथेच झोपलो.

जाड पिन
काश्मीर-लडाखला जाणाऱ्यांनो, बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि आपली जाड तीन पिनांची लॅपटॉपची वायर परदेशात बहुतेक ठिकाणी जात नाही, अडॅप्टर ठेवा.

गल्ल्यावरची
मी पणजीत छोटं कॅफे चालवते, म्हणून दुसरी बाजू. पाटी लावताना आम्हालाही वाईट वाटतं. आमची सहाच टेबलं. एक माणूस चौघांच्या टेबलावर एका कॅपुचिनोवर दुपारभर बसला की दारातून कुटुंब परत जातं. वीज व्यावसायिक दराने, एसी चालू, वर भाडं. पण सगळ्यात त्रास स्पीकरवरच्या कॉलचा, पलीकडच्या टेबलावरचे आजी-आजोबा उठून जातात. याउलट एक मुलगी पावसाळ्यात रोज यायची. दोघांचं टेबल घ्यायची, तासा-दीड तासाने काहीतरी मागवायची, गर्दी झाली की स्वतःहून विचारायची, "ताई, उठू का?" जून-जुलैत गिऱ्हाईक नसतं तेव्हा तिच्यासारख्यांमुळेच दुकान उघडं ठेवावंसं वाटायचं. मनी, तुझ्या दीदीबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

भटकी मनी
@गल्ल्यावरची ताई, हे सगळ्यांनी वाचायला हवं. "उठू का" हे विचारायला काहीच लागत नाही.

रात्रपाळी
+१. दोघांचं टेबल हा मुद्दा लक्षात ठेवतो.

बोगदा
कॅफे नाही, पण कोकण रेल्वेत मीटिंग घेणाऱ्यांनी रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा ध्यानात ठेवा. साडेसहा किलोमीटर, रेंज विसरा. आमच्या साहेबांना आता पाठ झालंय, "बोगदा आला का?" विचारतात.

वाडीवरचा
@बोगदा 😄 आम्ही त्यात डबा उघडतो.

एकटी निघाले
दोन प्रश्न. पर्यटक व्हिसावर परदेशात असं काम चालतं का? आणि एकटी असताना वॉशरूमला जाताना लॅपटॉपचं काय करता?

शकसंवत
व्हिसाचं गृहीत धरू नका, प्रत्येक देशाचं वेगळं. थायलंडने २०२४ मध्ये अशा कामासाठी डीटीव्ही नावाचा व्हिसा काढलाय, पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस. पोर्तुगालचा असा व्हिसा २०२२ पासून आहे, त्याला उत्पन्नाची अट. ऑफिसची लेखी परवानगीही घ्या. आणि कॅफेच्या वायफायवर कंपनीचं काम उघडायचं तर व्हीपीएन लावूनच, मी तर फोनचा हॉटस्पॉट वापरतो.

गल्ल्यावरची
@एकटी निघाले गल्ल्यावर दे बिनधास्त. आमच्याकडे मुली देतात, आम्ही काउंटरच्या आत ठेवतो. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाच्या भरवशावर सोडू नकोस.

दुपारचा चहा
आले. बीरचं लिहायचं राहिलं, पण आधी सांगा, आगळ पुण्यात चांगलं कुठे मिळतं?