अनुभव धागा : मुलांची इंग्रजी सर्वनामं कुठे अडतात?

सर्वनामांचा तक्ता पाठ झाला की विषय संपला असं धरून चालतात. वाक्य करायला बसलं की खरी अडचण कळते. तुमच्या घरी, वर्गात नेमकं कुठे अडलं आणि कसं सुटलं, तेवढं लिहा. नियमांची जंत्री नको, ती पुस्तकात आहेच.

•
लेक चौथीत आहे. 'रवी अँड हर सिस्टर' असं लिहायची आणि खोडलं तरी पुन्हा तेच. मग तिलाच विचारलं, हर का? म्हणाली, "त्याची बहीण ना, मग 'ची' आहे की!" मराठीत त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचं घर, 'चा-ची-चं' ठरतं ते पुढच्या नामावरून. इंग्रजीत बघायचं ते मालक कोण एवढंच. आता ती आधी मालकाच्या नावाभोवती गोल काढते. मी सरावाला मुद्दाम उलट्या जोड्या देते : रवी आणि त्याची आई, सीमा आणि तिचा भाऊ. 'रवी आणि त्याचा भाऊ' दिलं तर चुकीच्या वाटेनेही उत्तर बरोबर येतं आणि आपण खूश!

•
खुर्चीला 'शी' आणि पंख्याला 'ही' आमच्याकडेही झालं. आपोआप जातं, फार मागे लागू नका.

•
मी शिकवतो. 'सर आले'चं 'दे केम' दरवर्षी कुणीतरी लिहितंच. एकाला 'ही' लिही म्हटलं तर तो कानकोंडा झाला : "पण सर, ते अरेतुरे होईल ना?" इंग्रजीत आदर सर्वनामातून दाखवत नाहीत, हे मुलांना कुणी सांगतच नाही. त्यावरून दुसऱ्याने विचारलं, समोर एकच माणूस असताना 'यू आर' का, 'यू इज' का नाही? फार चांगला प्रश्न. 'यू' मुळात अनेकवचनी. एकाला 'दाऊ' म्हणत. पुढे मान द्यायला एकालाही 'यू' म्हणू लागले आणि सतराव्या शतकात 'दाऊ' रोजच्या प्रमाण इंग्रजीतून मागे पडलं. म्हणजे आपलं 'तुम्ही'च! वर्गाला हे लगेच पटलं.

•
आमच्याकडे 'इट इज रेनिंग'वर वाद. "इट म्हणजे कोण? आभाळ?" कोणीच नाही, हे उत्तर मुलाला मान्य नव्हतं. शेवटी दोन्ही भाषा शेजारी मांडल्या. 'आलो', 'जेवलीस का?' यात कर्ता न लिहिताही कळतो, क्रियापदच सांगतं. नुसत्या 'केम'वरून कोण आलं ते कळत नाही, म्हणून इंग्रजीत कर्त्याची जागा सहसा रिकामी ठेवत नाहीत. पाऊस, थंडी, वाजले किती, अशा वेळी तिथे 'इट' बसवतात. आज्ञा द्यायची असेल तर मात्र नुसतं 'कम' चालतं, हे त्याने स्वतःच शोधून मला ऐकवलं.

•
'आय' आणि 'मी'बद्दल कोणी लिहिलं नाही? आपल्या 'मी'सारखाच उच्चार, त्यामुळे नात सरळ 'मी गोइंग' म्हणायची. शाळेत 'मी अँड माय फ्रेंड'वर इतकी टोकाटोकी झाली, की आता 'ही गेव्ह इट टु माय फ्रेंड अँड आय' सुरू झालंय. नुसतं टोकून हेच होतं, असं माझं मत. मैत्रिणीला वाक्यातून बाजूला कर म्हटलं. 'ही गेव्ह इट टु आय' कानालाच खटकलं तिच्या.

•
वरच्या आजोबांची युक्ती आजच वापरली, चालली. 'इट्स'साठी असं काही आहे का? अपॉस्ट्रॉफी कधी द्यायचा?

•
जागेवर 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघायला सांगा. वाक्य नीट लागलं तर द्यायचा, नाहीतर नाही. तरी हट्ट धरला तर 'हिज'मध्ये अपॉस्ट्रॉफी कुठे आहे, ते दाखव म्हणावं.