शब्दचर्चा : 'कॅरेज फी'ला मराठीत काय म्हणायचं? आणि ती देतं कोण?

भाषांतरी :
एका लेखाचं मराठीकरण करतोय. विषय अमेरिकेतला. ३१ ऑगस्ट २०२३ ला डिस्नेच्या वाहिन्या चार्टर या केबल कंपनीच्या दीड कोटीच्या आसपास घरांतून गायब झाल्या ('स्पेक्ट्रम' नावाने सेवा देते तीच). तेव्हा यूएस ओपन टेनिस ऐन रंगात आलं होतं आणि कॉलेज फुटबॉलचा मोसम नुकता सुरू होत होता, म्हणजे बोंब होणारच. ११ सप्टेंबरला समेट झाला. भांडणाचं मूळ 'कॅरेज फी'. मी मसुद्यात 'वहन शुल्क' लिहिलं. संपादकांचा शेरा आला : "वहन शुल्क वाहिनीने केबलवाल्याला द्यायचं असतं ना? इथे केबलवालाच वाहिनीला देतोय." मूळ लेखात तर तसंच आहे. आता शब्द बदलू, की संपादकांना समजावू? जाणकारांनी मदत करावी.

तारवाला :
संपादक बरोबर आहेत. आपल्या धंद्यात कॅरेज म्हणजे चॅनलने वरच्या एमएसओला (गल्लीतल्या ऑपरेटरला सिग्नल पुरवणारी मोठी केबल कंपनी) मोजायचे पैसे. अॅनालॉगच्या काळात एका तारेत मोजकेच चॅनल बसायचे, आणि त्यातही सगळ्या जागा सारख्या नव्हत्या. प्राइम बँड, कलर बँड, मग एस बँड, आणि यूएचएफला पाठवलं म्हणजे वनवासच. जुन्या टीव्हीला वरचे बँड धड पकडता यायचे नाहीत, पकडले तर मुंग्या. म्हणून नवीन बातम्यांचं चॅनल निघालं की त्यांची माणसं आधी एमएसओच्या दारात. आत घेण्याचे पैसे ते कॅरेज. चांगल्या बँडवर, शक्यतो नावाजलेल्या चॅनलच्या शेजारी बसवण्याचे ते प्लेसमेंट. बोलताना दोन्हीला सरसकट 'कॅरेज'च म्हणायचे.

यातला रुपया गल्लीतल्या ऑपरेटरपर्यंत येत नव्हता, हेही लिहून ठेवा. चॅनल एका नंबरवरून दुसऱ्यावर गेलं की आज्जीबाईंच्या शिव्या मात्र आम्हाला.

नियमवाचक :
थोडे आकडे. मुंबई-दिल्लीत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर अॅनालॉग बंद करून सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. जागेची टंचाई संपली की कॅरेजही संपेल असं तेव्हा बोललं जायचं. संपलं नाही. ट्राय या नियामक संस्थेच्या २०१७ च्या नियमावलीत त्यावर कमाल मर्यादा आली : साध्या चॅनलला दर ग्राहकामागे महिन्याला २० पैसे, एचडीला तेव्हा ४० पैसे. म्हणजे दहा लाख जोडण्यांच्या नेटवर्कवर साध्या चॅनलला महिन्याला जास्तीत जास्त दोन लाख. त्यात खुबी अशी की जितके जास्त ग्राहक ते चॅनल घेतील तितकी ही फी कमी होत जाते, आणि २० टक्के किंवा त्याहून जास्त ग्राहकांनी घेतलं तर शून्य. पुढे २०२० मध्ये महिन्याला चार लाखांची वरची मर्यादाही घातली.

थोडक्यात, आपल्याकडे कॅरेज फी ही ज्याला फारसं कोणी मागत नाही त्याने द्यायची असते. लोकप्रिय चॅनल उलट पैसे घेतं, ग्राहकाकडून, केबलवाल्यामार्फत.

पाणिनीचा शेजारी :
आकडे झाले, आता मूळ प्रश्न. 'वहन शुल्क'मधला 'शुल्क' मला खटकतो. घरातलं महावितरणचं बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, मग 'वहन आकार', आणि त्याखाली 'वीज शुल्क'. कंपनी सेवेपोटी घेते तो 'आकार', सरकार घेतं ते 'शुल्क'. दुसऱ्याच्या तारांतून आपला माल नेण्याचा मोबदला यासाठी 'वहन आकार' हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत दर महिन्याला पोचतोय, कोणी वाचत नसलं तरी. तारेतून वीज जावो नाहीतर मालिका, शब्द चालतो.

आणखी मराठमोळं हवं असेल तर घडणावळ, दळणावळ, शिवणावळ या ओळीत 'वाहणावळ' बसते. 'चॅनलची वाहणावळ थकली' हे वाक्य म्हणून बघा, कसं जिभेवर बसतं.

जाता जाता : 'वाहिनी' म्हणजे मुळात वाहून नेणारी. तेव्हा वाहिनीचं वहन म्हणजे वाहणाऱ्याला वाहणं. (टंकताना एक काना विसरलात तर वहिनींना वाहून न्यावं लागेल, सांभाळा.)

भाषांतरी :
'वहन आकार' आवडला, घेतो. 'वाहणावळ' गोड आहे, पण संपादक मला वाहून नेतील. दिशेचा गुंता मात्र तसाच राहतोय.

लासलगावकर :
दिशेची एवढी काळजी का? बाजार समितीतली अडत, म्हणजे अडत्याची दलाली, घ्या. वर्षानुवर्षं ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायची. देणारा बदलला, शब्द तोच राहिला. शब्दाने काम सांगावं, खिसा कोणाचा ते वाक्य सांगेल. 'चार्टरने डिस्नेला द्यायचा वहन आकार' असं लिहा आणि मोकळे व्हा.

एडिसनकर :
लासलगावकर, दाखला झकास, पण इथे लागू पडत नाही. अडत कोणीही देवो, ती मिळते अडत्यालाच. अमेरिकेत मिळणाराच बदलतो. तार चार्टरची, वाहण्याचं काम चार्टरचं, आणि पैसे मात्र डिस्नेला. हमालानेच व्यापाऱ्याला हमाली मोजावी तसं. म्हणजे ती हमाली नाहीच, मालाची किंमत आहे.

असं का झालं तेही सांगतो. इथे अमेरिकेत एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही अँटेनावर फुकट दिसणारी नेटवर्कं. केबलवाले त्यांच्या स्थानिक केंद्रांचे सिग्नल उचलून विकायचे आणि छदाम देत नसत. १९९२ च्या केबल कायद्याने प्रत्येक स्थानिक केंद्राला दर तीन वर्षांनी निवड दिली : एक तर 'मस्ट कॅरी', म्हणजे केबलवाल्याने तुम्हाला घ्यायलाच हवं, पण पैसे मागायचे नाहीत, नाहीतर 'रिट्रान्समिशन कन्सेंट', म्हणजे आमच्या संमतीशिवाय दाखवायचं नाही आणि संमतीची किंमत बोला. अडून बसलात तर पडद्यावरून जाण्याची जोखीम तुमची.

पहिल्या फेरीत केबलवाल्यांनी रोख द्यायला साफ नकार दिला. मग फॉक्सने पैशांऐवजी आपल्या नव्या एफएक्स चॅनलला तारेवर जागा मागून घेतली, एबीसीवाल्यांनी ईएसपीएन-२ ला. सीबीएस रोख रकमेवर अडून राहिलं आणि हात हलवत परतलं. त्याच सीबीएसने २०१३ च्या ऑगस्टमध्ये टाइम वॉर्नर केबलला न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, डॅलसमध्ये महिनाभर झुंजवलं आणि मनासारखा करार पदरात पाडला. मधल्या वीस वर्षांत पारडं फिरलं होतं. ग्राहकाला आता उपग्रह होता, फोन कंपन्यांची केबल होती. एकाने चॅनल गमावलं की तो दुसऱ्याकडे जायला मोकळा.

आणि तारखा कशा निवडतात बघा. मार्च २०१० मध्ये एबीसीचं न्यूयॉर्कचं केंद्र केबलव्हिजन या केबल कंपनीवरून गेलं ते ऑस्करच्या दिवशी, मध्यरात्री. तडजोड होऊन परत आलं तेव्हा सोहळा सुरू होऊन पाव तास झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात फॉक्स गेलं, तेव्हा बेसबॉलची वर्ल्ड सिरीज तोंडावर. करार संपायची तारीख मोठ्या सामन्याच्या आसपास असावी याची काळजी कोण घेत असेल, तुम्हीच ठरवा.

नियमवाचक :
त्या बाबतीत आपणही मागे नाही. १८ फेब्रुवारी २०२३ ला स्टार, झी आणि सोनी यांनी नवे दर मान्य न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले. केबल महासंघाच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार कोटी घरांत चॅनल बंद. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि आठवडाभराच्या आत बहुतेकांनी सह्या करून टाकल्या. पण शब्दचर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ते भांडण कॅरेजचं नव्हतं, चॅनलच्या दरांचं होतं. अमेरिकन बातमीदार त्याला बेधडक 'कॅरेज डिस्प्यूट' म्हणेल. आपला बातमीदार म्हणाला तर धंद्यातली माणसं हसतील.

तारवाला :
हसतील कसली, घाबरतील. वाटेल आता नवीन कॅरेज निघालं का काय.

पाणिनीचा शेजारी :
एडिसनकरांचा मुद्दा मान्य. तेव्हा दोन शब्द हवेत. भारतातल्या कॅरेज फीला 'वहन आकार'. अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांच्या बाबतीत 'पुनःप्रक्षेपण मोबदला', आणि ईएसपीएनसारख्या निव्वळ केबलवरच्या वाहिन्यांच्या बाबतीत सरळ 'वाहिनीदर'. एबीसी आणि ईएसपीएन दोन्ही डिस्नेचीच, म्हणजे डिस्ने-चार्टरमध्ये दोन्ही गुंतलेले होते, त्यामुळे तिथे 'वाहिन्यांचा मोबदला' म्हणा, दोन्ही पोटात येतात.

भाषांतरी :
तेच लिहितो. पहिल्या उल्लेखाला 'वाहिन्या दाखवण्यासाठी केबल कंपनीने द्यायचा मोबदला' अशी फोड, पुढे नुसता 'मोबदला'. संपादकांनाही पटेल असं वाटतंय. आता शेवटचं एकच : 'ब्लॅकआउट'? 'अंधार' लिहिलं तर लोडशेडिंग वाटतं.

तारवाला :
लोक म्हणतात 'चॅनल गेलं'. आम्ही म्हणतो 'त्यांनी बंद केलं'. चॅनलवाले खाली पट्टी फिरवतात 'तुमच्या केबल ऑपरेटरने चॅनल काढलं आहे'. तुम्ही कोणाच्या बाजूने लिहिताय त्यावर आहे.

एडिसनकर :
इथेही तेच. दोघेही ग्राहकाला सांगतात की समोरच्याने काढलं, आणि दोघेही फोन नंबर समोरच्याचा देतात.

पाणिनीचा शेजारी :
मग 'गेलं'च ठेवा. अकर्मक क्रियापद आहे, कोणाच्या बापाचं काही जात नाही.