अर्जंट: विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही, कोणता ड्रायव्हर?

चोपडेकर: सकाळपासून तीनदा करून झालं. पेनड्राइव्ह लागतो, भाषा निवडली की पुढं 'वी कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज', लोड ड्रायव्हर करा म्हणतं. कोणता? डिस्क चांगली आहे. दुकानात केळीच्या विम्याचे अर्ज घेऊन माणसं बसलीत, लवकर सांगा.

भुसावळ_लोको: लॅपटॉप की डेस्कटॉप? प्रोसेसर?

कोरडा_कूलर: पेनड्राइव्ह खराब. रूफसने (बूट पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) परत बनवा, दुसऱ्या पोर्टात लावा.

भुसावळ_लोको: कूलरभाऊ, तेव्हा बहुतेक 'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' येतं. यांचा सेटअप डिस्कच्या पानापर्यंत पोचलाय.

कोरडा_कूलर: बारा वर्षं हेच करून राहिलो मी.

धुळे_पेंग्विन: विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, कटकट मिटेल.

चोपडेकर: माझं अंगठ्याचं मशीन त्यावर तुम्ही चालवून देणार का? लॅपटॉप आहे.

भुसावळ_लोको: प्रोसेसर, भो, प्रोसेसर!

चोपडेकर: स्टिकरवर आय5. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, 1235यू.

भुसावळ_लोको: 12वी पिढी. मग व्हीएमडीच, म्हणजे इंटेलचा डिस्क सांभाळणारा कंट्रोलर. इंटेलच्या 11व्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क या कंट्रोलरमागे असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर बऱ्याचदा नसतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर इंटेलचा आरएसटी, म्हणजे त्याचाच ड्रायव्हर, उतरवा. ती ईएक्सई तशीच पेनड्राइव्हवर टाकू नका, आधी एक्स्ट्रॅक्ट करा. सेटअपला आतली आयएनएफ फाइल लागते. मग लोड ड्रायव्हर, ब्राउज, व्हीएमडीचं फोल्डर.

यावल_नाइट: एवढं कशाला? बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. ऑप्शन दिसत नसेल तर काही मॉडेलांत मेनच्या पानावर कंट्रोल-एस दाबावं लागतं.

भुसावळ_लोको: कोऱ्या इन्स्टॉलला चालेल. जुनं विंडोज ठेवायचं असेल तर बंद केल्यावर निळा स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. चोपडेकर, डेटा हवा आहे का?

शेवभाजी_प्रेमी: लॅपटॉप विंडोजसकट आला असेल तर ॲक्टिव्हेशनची की बहुतेक बायोसमध्येच असते, विकत घेऊ नका.

भुसावळ_लोको: ते कोणी विचारलं?

चोपडेकर: व्हीएमडी बंद केलं, डिस्क दिसली! सी फॉरमॅट मारून विंडोज टाकलं. डेटा डीमध्ये आहे, पण त्यावर कुलूप दिसतंय, 48 आकडी की मागतंय. हे काय नवीन?

यावल_नाइट: बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. फॉरमॅटच्या आधी विचारायचं होतं ना.

भुसावळ_लोको: मी विचारलं होतं. आता लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला तेव्हा ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं, त्याच्या खात्यात की बघा. कोणाचं होतं?

चोपडेकर: मेहुण्याचं. तो सुरतला, लूमवर. रात्रपाळी करून झोपलाय, फोन उचलत नाही.