बोलतं करण्याआधी

पुरानंतर मदत कशी करावी याबद्दल एका ताईंनी लिहिलंय, 'पूरग्रस्तांना मन मोकळं करायला लावा.' करू द्या, नक्कीच. पण लावू नका.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. नंतरचे काही दिवस मी अंबाझरी लेआउटमध्ये चिखल उपसायला जात होतो. तिथल्या एका आजींना येणारा प्रत्येक जण विचारायचा, "नेमकं काय झालं?" तिसऱ्या दिवशी त्यांनी दारच लावून घेतलं. त्यांना हवी होती बीपीची गोळी आणि पुण्यातल्या लेकीशी बोलणं. मोबाईल पाण्यात गेलेला, नंबर पाठ नाही. शेजाऱ्यांकडून नंबर मिळाला, फोन झाला, मग त्या आपणहून तासभर बोलल्या.

जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका हेच सांगते: पाहा, ऐका, हव्या त्या मदतीशी आणि माणसांशी जोडून द्या. घडलेलं पुन्हा उगाळायला लावणं त्यात नाही. "जीव वाचला ना, सामान काय, येईल परत" हेही कृपया म्हणू नका. भिजलेला लग्नाचा अल्बम परत येत नाही.

आणि मुलं! पावसाचा आवाज आला की आईला चिकटतात, अंथरूण ओलं करतात. रागावू नका. शाळा, खेळ, झोपेची वेळ लवकर सुरळीत करा.

दचकणं, झोप उडणं बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं, किंवा कोणी जगणंच नको म्हणालं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं. नुसता नंबर देऊन निघू नका, शेजारी बसून लावून द्या.