दाढ काढतानाच बोन ग्राफ्ट भरून घ्यावं का? (सोलापूर, बजेट ४० हजार)

बाळीवेसकर
आई ५८ वर्षांची. खालची डावीकडची पहिली दाढ, सात वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून कॅप बसवलेली. कडक भाकरी चावताना कट्कन आवाज आला, आता हिरडीतून पू येतोय. डॉक्टर म्हणतात मूळ उभं तडकलंय, काढावीच लागेल. काढतानाच खड्ड्यात बोन ग्राफ्ट (हाडासारखी पावडर) भरू, चार-पाच महिन्यांनी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात). शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.९. ग्राफ्टमुळे इम्प्लांट जास्त टिकतं का? सगळं मिळून ४० हजारांच्या वर जमणार नाही.

होटगीरोड_७१
पुण्याला घेऊन जा. मी दोन इम्प्लांट तिथंच केले, एकेक ५५ हजार. पाच वर्षं झाली, ऊस खातो. दाताच्या कामात पैशाकडं बघू नये.

बाळीवेसकर
काका, बजेट ४० आहे.

जुळेसोलापूरची
ग्राफ्ट घ्याच! माझा वरचा पुढचा दात काढला तेव्हा कुणी अवाक्षर बोललं नाही. दीड वर्षानं इम्प्लांटला गेले तर ओठाकडची हाडाची भिंत बसलेली. बोट फिरवलं की खळगा लागायचा. मग वेगळं ऑपरेशन करून हाड भरलं, सहा महिने थांबले, खर्च दुप्पट. अजून राग येतो.

चादरवाला
इम्प्लांट कशाला? ब्रिज करा की ओ, शेजारच्या दातांच्या आधारानं. माझा १२ वर्षं चाललाय, १८ हजारात झाला. आणि कडक भाकरी आमटीत कुस्करून खायची असते.

जुळेसोलापूरची
ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, तेही सांगा.

होटगीरोड_७१
शेंगा चटणी आणि दह्याबरोबर कडकच खातात. भिजवली की चव गेली.

दाताची_डॉक्टर
मूळ प्रश्नाकडे येते. इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण ग्राफ्ट केलेल्या आणि न केलेल्या जागेत साधारण सारखंच, ९० टक्क्यांच्या वर. ग्राफ्टचा फायदा वेगळा आहे. दात काढल्यावर हाडाची रुंदी वर्षभरात निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. ग्राफ्टनं ही झीज कमी होते, थांबत नाही. पुढे मोठं हाड भरायची वेळ बरेचदा टळते. भिंती शाबूत असतील तर खालच्या दाढेला ग्राफ्टशिवायही जमतं, पण मूळ तडकलेलं असलं की गालाकडची भिंत बरेचदा खाल्लेली असते. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करा. त्याआधी शुगर! ८.९ असताना इम्प्लांटची घाई नको. मिश्री लावतात का? हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर दाढ काढायच्या आधी सांगा.

चादरवाला
मीही तेच म्हणतोय, इम्प्लांट नको.

सिद्धरामाचा_भक्त
पावडर कशाची ते विचारलंत का? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बायकोला भरल्यावर कळलं, गाईच्या हाडाची. आठ दिवस ती नीट जेवली नाही.

दाताची_डॉक्टर
हे आधी सांगायलाच हवं होतं. गाईच्या, डुकराच्या, मानवी दात्याच्या हाडापासून बनवलेलं ग्राफ्ट असतं, तसंच कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचंही मिळतं. पण वर लावायचा पडदा बहुतेकदा कोलॅजनचा, म्हणजे प्राण्यापासूनचाच. त्याचंही विचारून घ्या.

होटगीरोड_७१
पुण्यात सगळं आधी समजावून सांगतात.

बाळीवेसकर
काल दाढ काढली. आईला इथलं सगळं वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, कृत्रिमसुद्धा नको, जागा आपोआप भरू दे. गालाकडची भिंत वरून थोडी गेलेली होती, डॉक्टरांचा आग्रह ग्राफ्टचाच होता, माझाही. तिनं ऐकलं नाही. दहा आठवड्यांनी स्कॅन, तोवर शुगर सातच्या आसपास आणायची. हाड पुरलं आणि शुगर उतरली तरच इम्प्लांट. दाढ कागदात बांधून आणलीय, नख फिरवलं की मुळावर केसाएवढी चीर लागते. मिश्रीची डबी आईनं आज सकाळी स्वतःहून माझ्या हातात दिली.

जुळेसोलापूरची
ग्राफ्ट घ्यायला हवं होतं. आता दहा आठवडे म्हणजे दहाच, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.