रशियन बोलताना जीभ नेमकी कुठे ठेवायची?

नवशिक्या_पुणे: रशियनचा बेसिक कोर्स लावलाय. शब्द पाठ होतात, पण तोंड उघडलं की बाई म्हणतात इंग्लिश बोलल्यासारखं वाटतंय. तोंडात नेमका फरक काय होतो दोन्ही भाषांत? आणि 'भाऊ' अर्थाचा ब्रात आणि 'घेणे' अर्थाचा ब्रात, मला तर दोन्ही सेमच ऐकू येतात.

जिभेला_हाड: अरे तू मराठी आहेस, निम्मं काम झालंय तुझं. इंग्लिशचा टी वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर होतो म्हणून आपल्याला तो ट वाटतो, रशियनचा दातांना चिकटून, म्हणजे सरळ आपला त. द पण तसाच. टॉलस्टॉय आपल्याकडे इंग्लिशमार्गे आले, तिकडे ते तल्स्तोय आहेत. दुसरं म्हणजे इंग्रज माणूस 'पिन' म्हणताना हवेचा झोत सोडतो, ओठांसमोर कागद धर, हलेल. रशियन प, त, क ला झोत नाही, आपल्यालाही नाही. आणि र जीभ थरथरवून, इंग्लिशसारखा गिळायचा नाही.

मऊ_त: खरी गोची पुढे आहे. रशियनमधे बहुतेक व्यंजनांच्या कठीण आणि मऊ अशा जोड्या असतात, इंग्लिशमधे ही भानगडच नाही. मऊ करताना त म्हणतानाच जिभेचा मधला भाग य म्हणताना जातो तसा टाळूकडे उचलायचा, एकाच वेळी, नंतर वेगळा य जोडायचा नाही, सगळे तिथेच फसतात. 'घेणे'मधला शेवटचा त असा मऊ आहे, भावातला नाही.

चहाबाज: 'चाक'मधला च आणि 'चार' आकड्यातला च हे दोन्ही रशियनमधे वेगवेगळी अक्षरं आहेत, फुकटचा फायदा :) कठीण श साठी जीभ ष सारखी मागे न्या, जो आता आपल्यातले निम्मे लोक बोलतच नाहीत म्हणा. शब्दाच्या शेवटचा द त होतो, शहराला लिहितात गोरद, बोलतात गोरत. म्हणूनच रशियन लोकांचं इंग्लिश बॅग बॅक ऐकू येतं.

नवशिक्या_पुणे: भारी. पण तो ई आणि उ च्या मधला स्वर? मी ई म्हणतो, बाई मान हलवतात.

मऊ_त: ई केलंस तर 'असणे' अर्थाच्या शब्दाचा 'मारणे' अर्थाचा शब्द होतो रे, दोन्ही ब नेच सुरू होतात! उ म्हण, जीभ तिथेच ठेव आणि ओठ हसल्यासारखे पसर. हा स्वर कठीण व्यंजनानंतरच येतो, त्यामुळे आधीचा ब मऊ पडू देऊ नकोस.